प्रार्थनेतला देश

या पुस्तकातली गाणी दोन ठिकाणी गायली जातात. काही शाळेच्या मैदानावर, स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताकदिनाला. काही चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत. संगीतशिक्षक म्हणून मी दोन्ही ठिकाणी पेटीवर बसतो. दोन्हींच्या स्वरलिपीच्या वह्या आजवर वेगळ्या होत्या. त्या एका पुस्तकात आणायचं ठरवलं तेव्हा दोन बाजूंनी प्रश्न आला. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी विचारलं, उपासनेच्या पुस्तकात देशाची गाणी कशाला? शाळेतल्या काही पालकांनी विचारलं, देशाच्या गाण्यांत ख्रिस्ती पदं कशी बसतात? दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते, म्हणून त्यांचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. ही प्रस्तावना म्हणजे ते उत्तर आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. ख्रिस्ती माणसाचं देशप्रेम हा कुणापुढे हजर करायचा पुरावा नाही. ते देवापुढे घातलेलं मागणं आहे. पुरावा देणाऱ्याचं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे असतं. मागणं मागणाऱ्याचं लक्ष ज्यांच्यासाठी मागायचं त्या माणसांकडे असतं. मुलांना शिकवताना हा फरक गाण्यात ऐकू येतो. दाखवण्यासाठी गाणारं मूल ओरडतं आणि सूर सोडतं. मनापासून गाणारं मूल शेजाऱ्याचा आवाज ऐकतं.

हे मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडून शिकलो. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो, बालकवींना आसरा देणारे म्हणून ओळखतो, आणि सगळ्यांत जास्त ओळखतो तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’मधून. पण ते ख्रिस्ती कसे झाले, या गोष्टीकडे देशप्रेमाच्या बाजूने फारसं कुणी पाहत नाही. ख्रिस्ती होण्याच्या आधीची काही वर्षं टिळकांना एकाच प्रश्नाने पछाडलं होतं: हा देश उभा कसा राहील? जातिभेदाने चिरफाळलेल्या समाजाला एकत्र आणील असा धर्म कोणता? असा धर्म आपणच का मांडू नये, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. तो वाचताना ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून हलले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या माणसाबद्दल लोक म्हणाले की हा धर्म सोडून देशाला मुकला, तो माणूस देशाच्याच चिंतेतून ख्रिस्ताकडे आला होता. त्याची किंमतही त्यांनी मोजली. लक्ष्मीबाई आणि ते कित्येक वर्षं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. मिशनच्या शाळांत, सरकारी शाळांत, सगळीकडे इंग्लंडच्या राजाचं स्तवन गायलं जाई. ख्रिस्ती माणूस राजनिष्ठच असणार असं सरकारही धरून चाले आणि शेजारीही. अशा दिवसांत टिळकांनी हिंदुस्तानवर प्रेमाची पदं लिहिली आणि ती ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी दिली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राच्या मराठी भागाचे संपादक म्हणून त्यांनी हेच वारंवार मांडलं, की हिंदी ख्रिस्ती माणसाने आधी हिंदी राहायचं आहे, त्याचा पेहराव, त्याचं अन्न, त्याची उपासना या मातीतली असायला हवी. परदेशी मिशनऱ्यांवर त्यांचं प्रेम होतं, आणि त्यांच्या पालकत्वाला त्यांचा विरोधही होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. पदं टिकली.

पदं का टिकली, हे संगीतशिक्षकाने सांगायला हवं, कारण ते चालींमध्ये दडलेलं आहे.

अमेरिकन मराठी मिशनचं अहमदनगरचं (आताच्या अहिल्यानगरचं) काम १८३१ मध्ये सुरू झालं. मिशनचे लोक आले ते आपल्या चाली घेऊनच. योगायोग असा, की त्याच वर्षी ४ जुलैला बोस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चमध्ये मुलांनी अमेरिकेचं एक नवं देशगीत पहिल्यांदा गायलं. गीत लिहिलं होतं सॅम्युअल फ्रान्सिस स्मिथ या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने. लॉवेल मेसन या संगीतशिक्षकाने त्याला काही जर्मन गाण्यांची पुस्तकं चाळायला दिली होती, त्यातली एक चाल त्याने उचलली. ती चाल नेमकी ‘गॉड सेव्ह द किंग’ची होती. ज्या इंग्लंडशी लढून अमेरिका स्वतंत्र झाली, त्याच्याच राजाच्या चालीवर अमेरिकेची मुलं आपल्या स्वातंत्र्याचं गाणं गाऊ लागली. प्रशियातही ती चाल चालली, लिक्टेनस्टाइनमध्ये आजही चालते. परकी चाल गाणारा परका, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही एक चाल डोळ्यांपुढे आणावी.

हा मेसन मोठा शिक्षक होता. १८३८ मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक शाळांत संगीत हा विषय आला तो त्याच्यामुळे. मुलांना गाता येतं, फक्त श्रीमंतांच्या नव्हे तर सगळ्यांच्या, ही त्याची श्रद्धा होती आणि तीच माझी आहे. त्याने बांधलेल्या भजनांच्या चाली जगभरच्या मंडळ्यांत पसरल्या. आपल्याकडेही त्या मराठी शब्दांवर गायल्या जातात.

पण मराठी शब्दांवर त्या बसवताना अडचण येते. इंग्रजी भजनाची ओळ बहुधा हलक्या अक्षराने उठते आणि दुसऱ्या अक्षरावर आघात देते. मराठीत आघाताला तेवढी किंमत नाही. आपलं काम ऱ्हस्व-दीर्घावर चालतं. त्यामुळे आघाताच्या जागी ऱ्हस्व अक्षर आलं की ते ओढावं लागतं आणि दीर्घ अक्षर घाईत गिळावं लागतं. मूल शब्द गातं, पण अर्थ त्याच्या कानावर पडत नाही. दुसरी गोष्ट अशी की या चाली चार आवाजांसाठी बांधलेल्या आहेत. खेड्यातल्या मंडळीत सगळे वरचा एकच आवाज गातात, आणि खालचे तीन नसले की चाल पोकळ वाटते. पेटी ती पोकळी थोडीफार भरते.

तरी या चाली मी पुस्तकातून काढलेल्या नाहीत. दीडशे वर्षांत आपल्या लोकांनी त्यांचं काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. राहुरी, नेवासे, शेवगाव भागातल्या मंडळ्यांत बाया ‘परकी’ चाल गातात तेव्हा एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, मींड घेत जातात. ओळीच्या शेवटी नकळत एक मुरकी येते. लय थोडी सैल होते. पाश्चात्त्य कान याला बेसूर म्हणेल. मी याला मालकी म्हणतो. ज्या चाली अशा बदलल्या आहेत त्यांची स्वरलिपी मी बदललेल्या रूपातच दिली आहे.

टिळकांचं थोरपण असं की त्यांनी बाहेरून आलेल्या चालीला मराठी शब्द शोधण्याऐवजी मराठी छंदातच ख्रिस्ताला हाक मारली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची जाणीव प्रसिद्ध आहे. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह त्या पुलाची खूण आहे. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक, आणि आठ मात्रांचा भजनी ठेका एवढं हाती आलं की न शिकलेला माणूसही गाऊ लागतो. एकाने ओळ धरायची, सगळ्यांनी झेलायची. याला चार आवाज लागत नाहीत. टाळ आणि शेजारी लागतो. अहमदनगरच्या मंडळीत टिळकांच्या आधीच कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घालून दिली होती. टिळकांनी ती रुंद केली आणि पुढे लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनाला उभ्या राहिल्या. अक्षरओळखीसाठी झगडलेली ही बाई टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करते, हे मराठी साहित्यातलं एक मोठं काम आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली आहे.

आता एक गोष्ट मला जपून पण स्पष्ट सांगायची आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबं महार आणि मांग समाजांतून आली. त्यांच्याकडे गाणं आधीपासून होतं. एकतारी होती, ढोलकी होती, चोखोबांचे अभंग होते. ते अभंग त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या बाहेर उभं राहून गायले. ज्या गावाने विहिरीवर चढू दिलं नाही त्या गावावर, ज्या देशाने सावली टाळली त्या देशावर प्रेम करा, असं या माणसांना सांगणं सोपं नाही. तरी त्यांच्या पदांत देशासाठी प्रार्थना आहे. मी देशप्रेमाची परीक्षा घ्यायला बसलो तर सगळ्यांत वरचे गुण याच माणसांना देईन, कारण त्यांच्या प्रेमाला बदल्यात फारसं काही मिळालेलं नव्हतं. स्वातंत्र्यानंतरही १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्याबद्दल ते आपल्याच देशाच्या न्यायालयात आणि संसदेपुढे मागणं मांडतात. देशाकडे न्याय मागणारा माणूस देशाला आपला मानतो म्हणूनच मागतो.

गोव्याची गोष्ट निराळी आहे आणि या पुस्तकात तिला थोडीच जागा देता आली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापून निघालं. अकरा हजारांच्या घरातल्या ओव्या, आणि मराठीच्या गोडव्यावर एका परदेशी माणसाने केलेलं ते प्रेम. सासष्टीच्या चर्चांत लोक हे पुराण गात. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं आणि लोकांना आपली भाषा सोडायला सांगितली. राज्य ख्रिस्ती होतं, लोकही ख्रिस्ती होते, तरी राज्याने लोकांच्या तोंडचा शब्द हिरावून घेतला. तेव्हा राज्यकर्त्याचा आणि आपला धर्म एक असला की आपलं भलं होतं, हा समज तिथे खोटा ठरला. ट्रिस्टाव द ब्रागांझा कुन्या यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली, पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात तुरुंगवास भोगला. ते कॅथलिक घरातले होते. इकडे मुंबईत माझगावचे काका बाप्टिस्टा, ईस्ट इंडियन समाजातले, मराठी बोलणारे बॅरिस्टर, लोकमान्यांचे वकील आणि मित्र, १९१६ मध्ये होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले. या दोघांची नावं शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ठळक असायला हवीत.

शाळेतल्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. देशाच्या गाण्यांत ख्रिस्ती पदं कशी बसतात? माझं उत्तर राष्ट्रगीतातच आहे. रवींद्रनाथांनी ते लिहिलं, २७ डिसेंबर १९११ रोजी ते काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं, आणि जानेवारी १९१२ मध्ये ते ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त छापून आलं. ही पत्रिका आदि ब्राह्मसमाजाची होती. गाणं उपासनेतलं होतं. ते जमिनीला उद्देशून नाही, राजालाही उद्देशून नाही. भारताचं भाग्य ज्याच्या हाती आहे त्याला उद्देशून आहे. १९१९ मध्ये मदनपल्लीला रवींद्रनाथांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तिथल्याच मार्गारेट कझिन्स या संगीतज्ञ बाईंनी चालीची स्वरलिपी बसवायला मदत केली, हेही संगीतशिक्षकांना माहीत असावं. २४ जानेवारी १९५० रोजी हे गीत राष्ट्रगीत ठरलं. म्हणजे ज्या देशाचं राष्ट्रगीतच एक प्रार्थना आहे, त्या देशात देशासाठी प्रार्थना करणाऱ्याला वेगळी जागा मागावी लागू नये. मी ते गातो तेव्हा ज्याला हाक घातली आहे तो कोण हे मला ठाऊक असतं. शेजारचा आपल्या श्रद्धेप्रमाणे त्याला ओळखतो. बावन्न सेकंद आम्ही एकत्र मागणं मागतो.

आणि ज्याला गाता येत नाही, म्हणजे ज्याचा विवेक गाऊ देत नाही, त्याचं काय? १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं गेलं. यहोवाचे साक्षीदार पंथातली ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या निकालाचं म्हणणं साधं होतं: उभं राहून आदर दाखवणारा अवमान करत नाही, आणि गायलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. माझी श्रद्धा त्या पंथाची नाही, त्यांची भूमिका मला पटत नाही. पण हा निकाल मी प्रत्येक नव्या शिक्षकाला वाचायला देतो. सक्तीने काढलेला सूर गळ्यातून येतो, तिथे मन नसतं. वर्गात एखादं मूल गप्प उभं असेल तर त्याला ओरडू नका. त्याच्याजवळ जाऊन का ते ऐका.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो, कारण त्यांच्या भीतीला आधार आहे. देश उपासनेत आला की कधीकधी तो देवाच्या जागेवर बसतो. जर्मनीत हे घडलं. हिटलरच्या राजवटीत ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाने चर्च राष्ट्राच्या हवाली केलं. १९३९ मध्ये आयझेनाख इथे त्यांनी एक संस्था काढली आणि १९४१ मध्ये तिने भजनांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातून हालेलुया, सियोन, यरुशलेम असे शब्द निवडून काढले होते, कारण ते यहुद्यांचे शब्द होते. भजनांचं पुस्तक संपादित करायला बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट वाचून झोप येत नाही. येशू स्वतः यहुदी होता. त्याची आई त्याच भाषेतली स्तोत्रं गात होती. राष्ट्राच्या नावाने प्रभूच्या घरच्या माणसांना त्याच्याच भजनातून हाकलणारे लोक सुंदर ऑर्गन वाजवत होते, सुरात गात होते. सूर चांगला लागला म्हणजे मन चांगलं असतं असं नाही, हे संगीतशिक्षकाने कायम ध्यानात ठेवावं.

त्याच देशात डिट्रिश बॉनहोफर हे पाद्री होते. ते उत्तम पियानो वाजवत. न्यूयॉर्कला शिकायला गेले तेव्हा त्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भजनं ऐकली, त्यांच्या तबकड्या जर्मनीला आणल्या आणि आपल्या विद्यार्थ्यांना ऐकवल्या. १९३९ मध्ये ते अमेरिकेत सुरक्षित होते, तरी परतले. युद्धानंतर देश उभारायचा असेल तर देशाचं दुःख देशातच राहून सोसायला हवं, अशी त्यांची धारणा होती. आपला देश हरावा अशी प्रार्थना त्यांना करावी लागली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्यांना फाशी दिलं गेलं. त्या भजनसंपादकांपेक्षा हा माणूस जर्मनीवर अधिक प्रेम करत होता, यात मला शंका नाही.

लूकच्या शुभवर्तमानात येशू यरुशलेमजवळ येतो आणि शहराकडे पाहून रडतो. आपल्या शहरावर, आपल्या लोकांवर. तो त्या शहराचा जयजयकार करत नाही आणि त्याला शापही देत नाही. ख्रिस्ती देशप्रेमाचा नमुना मला तिथे दिसतो. यिर्मया संदेष्ट्यानेही बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पत्र लिहून सांगितलं की ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणून देशाची पदं उपासनेत हवीत; पण ती मागण्याच्या, पश्चात्तापाच्या आणि आभाराच्या भागात हवीत. स्तवनाच्या भागात फक्त देव. या पुस्तकातला अनुक्रम तसाच लावला आहे आणि तो वापरणाऱ्यांनी मोडू नये अशी माझी विनंती आहे.

दोन वह्या एकत्र बांधणारा मी पहिला नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात संगीतशिक्षक होते. त्यांनी संपादित केलेल्या ‘आश्रम भजनावली’त संतांच्या पदांशेजारी ख्रिस्ती भजनंही आहेत. कार्डिनल न्यूमन यांच्या प्रसिद्ध भजनाचा नरसिंहराव दिवेटियांनी केलेला गुजराती अनुवाद आश्रमात गायला जाई. १९३० मध्ये दांडीच्या वाटेवरही खरे गांधीजींबरोबर चालले. सत्याग्रही पाय आणि प्रार्थनेचा सूर एकाच माणसाचे होते.

गांधीजींना आवडणारं हेन्री फ्रान्सिस लाइट यांचं ‘अबाइड विथ मी’ कित्येक दशकं दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात सैन्याचे बँड वाजवत. २०२२ पासून ते कार्यक्रमातून गेलं आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. माझ्या ख्रिस्ती मित्रांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. विल्यम हेन्री मंक यांची ती चाल दिल्लीच्या संध्याकाळी घुमायची तेव्हा श्रद्धा आणि देश यांच्यात काही भांडण आहे असं कुणाला वाटत नसे. पण जे गाणं आलं तेही आपलंच आहे. कवी प्रदीप यांच्या शब्दांना चाल लावणारे सी. रामचंद्र अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्या गाण्यात मेलेल्या जवानांसाठी केलेला शोक आहे, आणि शोक हा प्रार्थनेच्या फार जवळ असतो. म्हणून या पुस्तकात दोन्ही चाली एका पाठोपाठ एक दिल्या आहेत. एकीच्या बदल्यात दुसरी, असा हिशेब आपल्या मुलांना शिकवायचा नाही.

शिक्षकांसाठी थोड्या सूचना. राष्ट्रगीताचा षड्ज पांढरी एकच्या आसपास ठेवा. जयघोषाला आवाज तार षड्जाला पोचतो. सुरुवात उंच धरली तर तिथे मुलं किंचाळतात. अभंग शिकवताना पेटी आधी वाजवू नका. टाळावर ठेका धरा, ओळ म्हणा, मुलांना झेलू द्या, पेटी शेवटी आणा. पाश्चात्त्य चालीवरच्या भजनात शब्द मोडत असेल तर चाल वाकवा, शब्द वाकवू नका. आणि कोणतंही गाणं शिकवण्याआधी ते कुणी, कधी, कशासाठी लिहिलं हे दोन वाक्यांत सांगा. मुलांना ते आवडतं आणि त्यांचं गाणं त्याने बदलतं.

एक काम अपुरं आहे आणि ते एकट्याने होणारं नाही. टिळकांच्या कितीतरी पदांच्या जुन्या चाली कुठेही छापलेल्या नाहीत. त्या खेड्यापाड्यांतल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बायांच्या तोंडी आहेत. तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात अशी कुणी आजी असेल तर तिच्याजवळ बसा, तिचं गाणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, गावाचं नाव आणि तिने ते कुणाकडून ऐकलं हे लिहून ठेवा, आणि जवळच्या संगीतशिक्षकाकडून त्याची स्वरलिपी करून घ्या. हे या वर्षीच करा.